पुढचा घेणारा काय विचारेल

सोलापुरात कुणाच्या हातात चार पैसे शिल्लक पडले की पहिला सल्ला मिळतो तो तीन शब्दांचा : ‘जागा घेऊन ठेवा.’ होटगी रोडला घ्या, विजापूर रोडला घ्या, केगावला विद्यापीठाच्या अंगाला घ्या, पण घेऊन ठेवा. त्या ‘ठेवा’मध्ये केवढा विश्वास आहे! सोनं डब्यात ठेवतात, ज्वारी पेवात ठेवतात, तशी जागा ठेवायची आणि दहा वर्षांनी बघायचं, दुप्पट झालेली असणार. पण पेवातली ज्वारीसुद्धा भुंगा लागला का म्हणून बघावी लागते. जागेवर तर वेडी बाभूळ उगवते, शेजारचं कुंपण हातभर सरकतं, सातबाऱ्यावर नवं नाव चढतं, विकास आराखड्यात मधूनच रस्ता पडतो. ठेवलेली जागा जागच्या जागी राहते, पण जशीच्या तशी राहत नाही.

घेणाऱ्याचे प्रश्न ठरलेले असतात. दर काय चाललाय? वाढेल ना? कर्ज होईल का? भाडं किती येईल? हे विचारायलाच हवेत. पण यातला एकही प्रश्न त्या माणसाचा नाही, जो उद्या ही जागा आपल्याकडून घेणार आहे. तो वेगळंच विचारेल. तुमचं नाव कुठल्या उताऱ्यावर आहे? रस्ता कागदावर किती आहे? मोजणी कधी केली? पाणी कितव्या दिवशी येतं? त्याचे हे प्रश्न आज, विसार (बयाणा) द्यायच्या आधी, स्वतःला विचारले तर निम्म्या जागा आपोआप गळतात. उरतात त्यांचाच दर विचारावा.

आता दर. सोलापुरात बोलणं चालतं गुंठ्यात आणि चौरस फुटांत, कागद बोलतो हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये. गुंठा आणि आर एकच, असं धरून कितीतरी व्यवहार होतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०१.१७ चौरस मीटर. एकराचे गुंठे ४०, पण आर ४०.४७. म्हणजे ‘एक एकर’ म्हणून पैसे मोजले आणि उताऱ्यावर ४० आर निघाले, तर पाचशे चौरस फूट जागा तिथेच गेली. शहरालगतच्या दराने हा लहान प्लॉटच होतो. म्हणून दर बोलतानाच विचारून टाकावं : उताऱ्यावरचं क्षेत्र किती, आणि पैसे उताऱ्यावरच्या क्षेत्राचे की जागेवर मोजून निघेल त्याचे?

दुसरा दर सरकारचा. रेडी रेकनर, म्हणजे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्यातल्या महापालिकांत सर्वांत मोठी वाढ सोलापूरला बसली, १०.१७ टक्के, मुंबईची तेव्हाची वाढ ३.३९ टक्के होती. याने आपली जागा महाग झाली असा आनंद मानण्यात अर्थ नाही. मुद्रांक शुल्क ठरतं ते खरी किंमत आणि सरकारी मूल्य यांतल्या मोठ्या आकड्यावर. गल्लीबोळातल्या जुन्या घराची खरी किंमत तक्त्यापेक्षा कमी असेल, तर शुल्क तक्त्याप्रमाणेच जातं. शिवाय दोन्हींतला फरक १० टक्क्यांहून आणि ५० हजारांहून जास्त झाला, की आयकर खातं तो घेणाऱ्याचं उत्पन्न धरतं आणि विकणाऱ्याचा नफाही सरकारी मूल्यावर मोजतं. महापालिका हद्दीत ५ टक्के मुद्रांक आणि १ टक्का स्थानिक संस्था अधिभार मिळून ६ टक्के होतात. राहतं घर स्त्रीच्या नावे घेतलं तर एक टक्का सवलत. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही.

आणि रोख. ‘थोडे वरचे द्या’ हे वाक्य बैठकीत येतंच. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर जेवढी रोख तेवढाच दंड, असा कायदा आहे. त्याहून मोठं नुकसान पुढे होतं. वरून दिलेले पैसे दस्तात नसल्याने विकताना तो खर्च म्हणून दाखवता येत नाही आणि नसलेल्या नफ्यावर कर भरावा लागतो.

कागदांकडे वळू. सोलापूरच्या जागेचा जीव खरोखर इथे आहे, म्हणून इथे घाई करू नये.

१९९२ मध्ये शहराची हद्द वाढली, भोवतालची गावं महापालिकेत आली आणि ‘हद्दवाढ भाग’ हा शब्द बोलण्यात रुळला. त्या पट्ट्यात शेतांचे तुकडे पाडून गुंठा, दोन गुंठे विकले गेले. कुणाचं खरेदीखत आहे, कुणाचं नुसतं साठेखत (पुढे विकण्याचा करार), कुणाकडे बाँडवर नोटरी केलेला कागद आणि कुलमुखत्यारपत्र. परिणाम असा की एकाच गटाच्या सातबाऱ्यावर ढीगभर नावं सामाईक दिसतात. तुमचं नाव आहे, क्षेत्र एक गुंठा आहे, पण तो गुंठा गटात नेमका कुठे हे कुठल्याच सरकारी नकाशावर नाही. जागेवर दगड लावून दिलेत, ते विकणाऱ्याने त्या दिवशी लावले तेवढेच. अशी जागा विकायला काढली की बँक कर्ज देत नाही, कारण बँकेला गहाण घेण्यासाठी चतुःसीमा लागते. कर्जाशिवाय घेणारे मोजकेच असतात, आणि ते भाव पाडूनच मागतात.

यावर उपाय नाही असं नाही. अशा गुंठा-गुंठा विकलेल्या जागांसाठीचा गुंठेवारीचा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला तो लागू झाला. महापालिकेत प्रस्ताव दाखल करून, शुल्क भरून भूखंड नियमित करता येतो. पण गुंठेवारीतली जागा घेताना ‘होतंय की नियमित’ यावर विसंबू नये. नियमित केल्याचं प्रमाणपत्र, त्याला जोडलेला शिक्क्याचा नकाशा आणि शुल्काचं चलन, तिन्ही बघावीत. आराखड्यात आरक्षण असलेल्या जागेला हा रस्ता बंद असतो. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. २०२३ च्या अधिसूचनेने सोलापूर धरून बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरलं. २०२५ मध्ये नागरी भागातले जुने तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याची वाट सरकारने मोकळी केली, तेव्हापासून एजंट सांगतात, ‘आता सगळं क्लिअर आहे.’ एवढं लक्षात घ्या : तुकडा नियमित होणं वेगळं, मालकी निर्वेध असणं वेगळं आणि बांधकाम परवाना मिळणं आणखी वेगळं.

सातबारा वाचताना लोक नाव आणि क्षेत्र बघून मिटवतात. आधी बघायचा तो भोगवटा, म्हणजे जमीन कुठल्या हक्काने धारण केली आहे ते. वर्ग १ असेल तर मालक आपल्या मर्जीने विकू शकतो. वर्ग २ असेल तर सरकारची परवानगी किंवा सरकारला भरायचा नजराणा आला; जमीन वतनाची, कुळकायद्याने मिळालेली किंवा सरकारने वाटलेली असू शकते. कुळकायद्याच्या जमिनीवर ‘कलम ४३ ला पात्र’ असा शेरा असतो. ३२ म प्रमाणपत्राला (कुळाने जमीन विकत घेतल्याच्या दाखल्याला) दहा वर्षं होऊन गेली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ४० पट नजराणा भरून ती विकता येते. आकार रुपयांत असतो, त्यामुळे रक्कम किरकोळ. पण ती न भरता झालेला व्यवहार किरकोळ राहत नाही. देवस्थान इनामाची जमीन असेल तर तिथूनच परत फिरावं. मग ‘इतर अधिकार’. सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींची नावं, ‘हस्तांतरास बंदी’ हे सगळं या स्तंभात असतं. त्याखाली फेरफारांचे क्रमांक. प्रत्येक क्रमांकाचा फेरफार काढून वाचायचा, कारण जमीन या माणसाकडे कशी आली याची गोष्ट तिथेच मिळते : वारसाने, वाटणीने, खरेदीने की हक्कसोडाने.

गावठाणातल्या आणि पेठांतल्या जागेला सातबारा नसतो, प्रॉपर्टी कार्ड असतं. बुधवार पेठ, शुक्रवार पेठ, साखर पेठ इथल्या वाड्यांच्या कार्डावर पणजोबांचं नाव आणि घरात सोळा वारस, हे नेहमीचं चित्र. घरपट्टीची पावती नावावर आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. महापालिका कर घेते तो ताबा असणाऱ्याकडून. वाड्यात जुने भाडेकरू असतील तर घेणाऱ्याच्या वाट्याला ते वाड्यासकट येतात. जुन्या पेठांतले मूळ दस्त कधी कधी मोडीत असतात. मोडी जाणणाऱ्याकडून त्यांचं लिप्यंतर करून घ्यावं. ‘जुनं आहे, आता काय कामाचं’ असं म्हणून ते बाजूला ठेवू नये. बोळाचा हक्क, सामाईक भिंत, विहिरीचा वाटा याच कागदांत लिहिलेला असतो.

सोलापूरचीच एक अडचण नावांची. पूर्व भागात तेलुगू कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि आडनाव आधी लिहिण्याची त्यांची रीत आहे. कन्नड घरांत आणखी वेगळी पद्धत. जुन्या खरेदीखतात एक क्रम, उताऱ्यावर दुसरा, आधारवर तिसरा, आणि लिहिणाऱ्याने कानावर आलं तसं लिहिलेलं. माणूस एकच असतो, पण बँकेच्या वकिलाला तीन दिसतात. हे विसार देतानाच जुळवायचं. विकणाऱ्याचं ‘ही सर्व नावं माझीच’ असं प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, आणि गरज असेल तर उताऱ्यावर दुरुस्ती. खरेदीनंतर विकणारा सहीला येईलच याची खात्री कुणी द्यावी?

मुली. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला, आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरी आजही ‘बहिणी काही म्हणत नाहीत’ असं सांगून व्यवहार पुढे रेटला जातो. बहिणी काही म्हणत नसतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायला अडचण कसली? आणि त्यांनी ते का सोडावं, हाही प्रश्न आहेच; संमती देणार म्हणून सह्या घ्या आणि त्यांचा हिस्सा त्यांच्या खात्यात जमा करा, हे सर्वांत स्वच्छ. वारसांत अज्ञान (अठरा वर्षांखालचं) मूल असेल तर वडिलोपार्जित वाटा आणि मुलाची स्वतंत्र मिळकत यांत फरक पडतो. स्वतंत्र मिळकत न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकली, तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत व्यवहाराला आव्हान देऊ शकतं.

एवढं झालं की नोंदणी कार्यालयातल्या दस्तांचा तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यायचा, सूची दोनच्या (नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याच्या) नकलांसह, आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची. मूळ दस्त डोळ्यांनी बघायचा, झेरॉक्स नाही. मूळ दस्त ‘लॉकरला आहे’ असं उत्तर आलं तर तो बँकेत तारण आहे असंच आधी समजावं. निव्वळ कुलमुखत्यारपत्र, ताबा पावती आणि नोटरी यांनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगून ठेवलं आहे. शेतजमीन घ्यायची असेल तर घेणारा स्वतः शेतकरी हवा. हे एकदाच, पण विसाराच्या आधी, तपासायचं.

नवीन लेआऊटमधला प्लॉट किंवा बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर काम थोडं सोपं. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि सदनिकाही आठपेक्षा जास्त असतील तर महारेराची (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची) नोंदणी सक्तीची, आणि ही सक्ती प्लॉटच्या लेआऊटलाही आहे. जाहिरातीवरचा क्यूआर कोड मोबाईलने उघडून मंजूर नकाशा, कामाची मुदत आणि जमिनीवरचा बोजा बघता येतो. किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम करार नोंदवल्याशिवाय घेता येत नाही. ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातला दोष दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. दर कार्पेटचा, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेचा, मागावा. ‘बिल्टअप’, ‘सुपर’ हे आकडे करारात उपयोगाचे नाहीत. तयार फ्लॅट असेल तर वापर परवाना आहे का, हे दर विचारायच्या आधी. वापर परवाना नसेल तर पुढचा घेणारा कर्ज काढताना अडतो. परवाना मिळालेल्या घराला जीएसटी नाही. बांधकाम चालू असताना घेतलं तर ५ टक्के. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का. सोलापुरातले पुष्कळ फ्लॅट या दुसऱ्या मापात बसतात, त्यामुळे कुणी ५ टक्के लावले असतील तर का, हे विचारावं.

कागद झाले, आता पायाखालचं बघू.

रस्ता आधी. जागेवर उभं राहिलं की वीस फुटी रस्ता दिसतो. तो नकाशावर आहे की शेजारच्या शेतातून वहिवाटीचा आहे? शेजाऱ्याने उद्या तार ओढली तर तहसीलदारांपुढे दावा चालवत बसावं लागतं. खरेदीखताच्या चतुःसीमेत रस्ता, त्याची रुंदी आणि तो वापरण्याचा हक्क शब्दांत लिहून घ्यावा. रुंदीवर तर जागेची खरी किंमत ठरते. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, जी २०२० च्या डिसेंबरमध्ये आली, रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ चटईक्षेत्र, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते माप, १.१० वरच थांबतं. अधिमूल्य भरून किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) आणून ते वाढवता येत नाही. समोरासमोरचे दोन सारखे प्लॉट, एक ९ मीटर रस्त्यावर आणि दुसरा ६ मीटरच्या बोळात, यांचा दर एकच सांगितला जात असेल तर बोळातला महाग पडतोय.

माती. सोलापूरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. वर तीन-चार फूट काळी, खाली मुरूम, त्याखाली खडक; पण हा थर प्लॉटगणिक बदलतो. पाया काळ्या मातीतच थांबवला की दोन उन्हाळ्यांत खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरक्या भेगा निघतात. प्लॉट घेण्याआधी दोन कोपऱ्यांत चाचणी खड्डा घ्यावा, कठीण मुरूम किती खोल लागतो ते बघावं. काळी खोल असेल तर मातीत रुंद बुडाचे पाइल घेऊन वर ग्रेड बीम टाकावे लागतात किंवा काळी पूर्ण काढून मुरमाचा भराव थराथराने दाबावा लागतो. हा खर्च जागेच्या किमतीत मिळवूनच दर करावा. ओढ्याकाठचा, भराव टाकून सपाट केलेला प्लॉट दिसायला सर्वांत देखणा असतो, तिथे खड्डा घेतल्याशिवाय विसार देऊ नये. पूर्व भागात यंत्रमाग चालणारं किंवा चाललेलं घर घेताना भिंती नीट बघाव्यात : मागाच्या थरथरीने जोड सुटलेले असतात, जमिनीत मागाचे काँक्रीटचे ओटे राहतात आणि वीजजोड औद्योगिक असतो.

आणि पाणी. उजनी धरण भरलं तरी सोलापूरच्या नळाला पाणी रोज येत नाही, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पण बाहेरगावाहून गुंतवणूक करणारा हेच विसरतो. हिशेब सोपा आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर हे नागरी पाणीपुरवठ्याचं माप. पाच जणांच्या घराला ६७५ लिटर. पाणी पाच दिवसांआड येतं असं धरलं तर ३,३७५ लिटरची साठवण. बारा फ्लॅटच्या इमारतीला ४०,५०० लिटर, म्हणजे खाली हौद आणि वर टाकी मिळून एवढी जागा हवी. जाहिरातीतल्या ‘चोवीस तास पाणी’चा अर्थ पुष्कळदा बोअर असा असतो. बोअर एप्रिल-मे मध्ये किती वेळ चालतो ते तिथल्या वॉचमनला विचारावं, आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय का ते बघावं. जागा बघायला मे महिन्यात जावं, दुपारी. आणि एकदा ऑगस्टच्या पावसात.

भाड्याचा हिशेब लोक निम्माच करतात. समजा ४० लाखांचा फ्लॅट, महिना १० हजार भाडं. वर्षाला १ लाख २० हजार, म्हणजे ३ टक्के. आता वर्षातला एक महिना रिकामा धरा, उरले १ लाख १० हजार. मेंटेनन्स १८ हजार, मिळकत कर ८ हजार, रंग-नळ-वायरिंगला ९ हजार. हातात ७५ हजार. घालायचे पैसेही ४० लाख नव्हेत. शुल्क आणि नोंदणी धरून ४२ लाख ७० हजार. परतावा पावणेदोन टक्के. यात ३० लाखांचं कर्ज ८.५ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी असेल तर हप्ता २६,०३५ रुपये, आणि एकूण व्याज साडेबत्तीस लाखांच्या आसपास. भाड्यावर हप्ता फिटेल या आशेने सोलापुरात फ्लॅट घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. बँक ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८०. मुद्रांकाचे पैसे सहसा स्वतःचेच घालावे लागतात.

भाडेकरू कोण, हा प्रश्न परताव्याच्या आधीचा. सिव्हिल हॉस्पिटल आणि वैद्यकीय महाविद्यालयाभोवती डॉक्टर-नर्स मुलं-मुली, केगावकडे विद्यार्थी, चिंचोळी एमआयडीसीच्या बाजूला कामगार आणि सुपरवायझर, जुळे सोलापुरात बदलीवर आलेले बँकवाले आणि सरकारी नोकर. विडी आणि यंत्रमाग कामगारांचा मोठा वर्ग स्वस्त खोल्यांत भाड्याने राहत आला. त्यांच्यासाठी कुंभारीत रे नगरची ३० हजार घरांची वसाहत उभी राहिली, त्यातल्या पहिल्या १५ हजार घरांच्या चाव्या २०२४ च्या जानेवारीत दिल्या गेल्या. कष्टकऱ्याला स्वतःचं घर मिळालं, याहून चांगलं काही नाही. गुंतवणूकदाराने एवढंच बघावं की पूर्व भागात एक-दोन खोल्यांचं घर भाड्याने देण्यासाठी घेताना जुनी मागणी गृहीत धरू नये. भाडेकरार अकरा महिन्यांचा असो की जास्त, नोंदवावाच लागतो. शुल्क पाव टक्का, शहरात नोंदणी फी एक हजार. नोंदवलेला असेल तर मुदत संपल्यावर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते.

‘वाढेल ना?’ हा प्रश्न सोलापुरात फार वर्षं विमानतळाशी बांधलेला आहे. बोरामणीला मोठा विमानतळ होणार म्हणून तिकडे जमिनी घेतल्या गेल्या. विमानं शेवटी उडाली ती होटगी रोडच्या जुन्याच धावपट्टीवरून. तीही २०२३ च्या जूनमध्ये विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडल्यावर आणि २०२५ च्या जूनमध्ये गोव्याची सेवा सुरू झाल्यावर. चिमणी गेली त्यात कुणाची ऊसतोड अडली, कुणाच्या प्लॉटचा दर वाढला. एका शहरात एकाच दिवशी दोन्ही होतं. घेणाऱ्याने यातून एक व्यावहारिक गोष्ट उचलावी : धावपट्टीच्या आसपास, कुमठे-मजरेवाडीच्या अंगाला प्लॉट घेताना इमारतीच्या उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचा ना हरकत दाखला लागतो का ते आधी बघावं. ‘विमानतळापासून पाच मिनिटांवर’ या ओळीची दुसरी बाजू ती आहे. महामार्ग, रिंग रोड, रेल्वे यांबाबतही तसंच. संपादनाची अधिसूचना निघाली का, आपला गट क्रमांक तीत आहे की तिच्या शेजारी, आणि सेवा रस्ता मिळणार की नाही, एवढं नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढून समजतं.

दुप्पट होण्याचं गणितही एकदा मांडून बघू. दहा लाखांचा प्लॉट, दहा वर्षांनी वीस लाख. वर्षाला ७.२ टक्के. पण घेताना शुल्क, नोंदणी आणि समजा दोन टक्के एजंटचे मिळून १० लाख ९० हजार गेले. विकताना पुन्हा दोन टक्के एजंटला, हातात १९ लाख ६० हजार. नफा ८ लाख ७० हजार, त्यावर १२.५ टक्के दीर्घ मुदतीचा कर आणि उपकर मिळून १ लाख १३ हजार. उरले साडेअठरा लाखांच्या किंचित आत. परतावा वर्षाला साडेपाच टक्के भरत नाही, आणि यात कुंपण, मोजणी, बाभळी काढण्याची मजुरी धरलेली नाही. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जागेला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्याय आहे. विकण्याआधी दोन्ही रीतींनी कर काढून बघावा. व्यवहार ५० लाख किंवा वर गेला तर घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या पैशांतून १ टक्का टीडीएस (कर) कापून सरकारात भरायचा. विकणारा परदेशात राहत असेल तर कपात बरीच जास्त असते, आणि ती न केल्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते.

शेतजमिनीचं एक बारीक गणित सोलापूरला लवकरच लागू पडेल. ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर नाही. ग्रामीण म्हणजे काय, हे शहराच्या लोकसंख्येवर आणि हद्दीपासूनच्या सरळ रेषेतल्या अंतरावर ठरतं : एक ते दहा लाख वस्तीच्या शहरापासून ६ किलोमीटरपलीकडची, दहा लाखांवरच्या शहरापासून ८ किलोमीटरपलीकडची. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहर ९,५१,५५८ होतं. नव्या जनगणनेचा आकडा दहा लाखांपलीकडे प्रसिद्ध झाला, की सहा आणि आठ किलोमीटरच्या मधल्या गावांतली शेती एका कागदाने करपात्र होईल. त्या पट्ट्यात जमीन असलेल्याने आजच नकाशावर अंतर मोजून ठेवावं. रस्त्याचं नव्हे, सरळ रेषेतलं.

खरेदीखत नोंदवलं की पेढे वाटले जातात आणि उरलेलं काम राहून जातं. फेरफाराची नोंद लागते, पंधरा दिवस हरकतीची मुदत असते, मग मंडळ अधिकारी ती मंजूर करतो. ती मंजूर झालेली बघून नवा उतारा काढायचा. मिळकत कराला नाव लावायचं. भूमी अभिलेखाकडे मोजणीचा अर्ज करून हद्दी कायम करून घ्यायच्या, मोजणी नकाशाची ‘क’ प्रत घ्यायची, कोपऱ्यांना सिमेंटचे खांब पुरायचे आणि वर्षातून दोनदा, संक्रांतीच्या सुमारास आणि पावसाळ्याआधी, तिथे जाऊन खांबांसकट तारखेचा फोटो काढायचा. मूळ दस्त, सूची दोन, शोध अहवाल, फेरफार, ‘क’ प्रत, कराच्या पावत्या, बँकेतून दिलेल्या पैशांचे उतारे, सगळं एका फाइलीत. पहिल्या पानावर तारखेसकट यादी. आणि ती फाइल कुठल्या कपाटात, कुठल्या खणात आहे, हे घरातल्या दुसऱ्या एका माणसाला नक्की ठाऊक असावं.